कोपनहेगनला जाण्यापूर्वी

युरोपच्या प्रवासास निघालेला आपल्याकडील गृहस्थ लंडन, पॅरिस आणि रोम यांच्यासाठी आठवडे राखून ठेवतो. उत्तरेकडील राजधान्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवस येतात. कोपनहेगनमध्ये हे दिवस कसे जातात, तेही जणू आधीच ठरलेले असते. बंदराच्या कडेला शिळेवर बसलेली, १९१३ साली उभारलेली जलपरी, १८४३ पासून चालत आलेले तिवोली उद्यान, न्यूहाउनच्या कालव्याकाठची रंगीत घरे, आणि मग परतीचे विमान. या गोष्टी पाहू नयेत असे कोण म्हणेल? जलपरी मात्र अपेक्षेपेक्षा फारच लहान आहे, एवढे आधी सांगून ठेवलेले बरे. परंतु एवढेच पाहून परतणाऱ्याला एका गोष्टीची वार्ताही नसते. ती ही की, या नगरीचा आपल्या देशाशी, किंबहुना आपल्या मराठी भाषेशीही, एके काळी निकटचा संबंध होता, आणि तो थोडाथोडका नव्हे तर सव्वादोनशे वर्षे टिकला.

तेव्हा तीन दिवसच हाती असतील तर ते स्थळांच्या यादीप्रमाणे न घालवता इतिहासाच्या क्रमाने घालवावेत, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी लागणारी सिद्धता फार नाही. जूनच्या अखेरीस तेथे दिवस सुमारे साडेसतरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अवघा सात तासांचा. म्हणून पायी हिंडणाऱ्याने उन्हाळाच निवडावा. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून वार ठरवावेत. नाणे युरोपचे सामाईक नव्हे, तर डॅनिश क्रोनच आहे. जुने शहर आटोपशीर आहे. पूर्वीच्या तटबंदीच्या आतील भाग पायी ओलांडायला अर्धा-पाऊण तास पुरतो. वाहनाची गरज सहसा पडतच नाही.

पहिला दिवस स्लॉट्सहोल्मेन या बेटाला द्यावा. ११६७ साली बिशप अब्सलोन याने येथे किल्ला बांधला आणि मासळीच्या एका खेड्याचे हळूहळू नगर झाले. डॅनिश भाषेतील या शहराच्या नावाचा अर्थच मुळी ‘व्यापाऱ्यांचे बंदर’ असा आहे. आज त्या जागी क्रिस्तियानबोर्ग हा राजवाडा असून डेन्मार्कची संसद तेथेच भरते. या नावाचा हा तिसरा वाडा. पहिला १७९४ साली आणि दुसरा १८८४ साली आगीत गेला. वाड्याच्या तळघरात उतरले की अब्सलोनच्या किल्ल्याच्या भिंतींचे अवशेष दिसतात. वरच्या दिवाणखान्यांपेक्षा हे तळघर मला अधिक मोलाचे वाटते.

वाड्याशेजारीच बोर्सेन, म्हणजे जुना सट्टाबाजार. राजा चौथा क्रिस्तियान याने १६१९ च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले. चार मगरमच्छांसारख्या प्राण्यांच्या शेपट्या एकमेकींत पिळून केलेला त्याचा मनोरा ही या शहराची ओळखच होऊन बसली होती. १६ एप्रिल २०२४ रोजी दुरुस्ती चालू असताना या इमारतीस आग लागली आणि तो मनोरा कोसळला. रस्त्याने जाणारे लोकही आतील जुनी चित्रे खांद्यावर घेऊन बाहेर आणीत होते, अशी दृश्ये त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिली. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली आहे. अर्धवट उभी असली तरी ही वास्तू वगळू नये, कारण आपली कथा येथूनच सुरू होते.

याच चौथ्या क्रिस्तियानने १६१६ साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. इंग्रज आणि डच यांच्या कंपन्या निघून तेव्हा पुरती दोन दशकेही झालेली नव्हती. १६१८ साली ओव्हे येड्डे नावाचा, पंचविशीही न गाठलेला सरदार गलबतांचा ताफा घेऊन निघाला. मूळ रोख सिंहलद्वीपावर होता, पण तेथे काही साधले नाही. अखेर तंजावरचा रघुनाथ नायक याच्याशी नोव्हेंबर १६२० मध्ये तह झाला, आणि कावेरीच्या मुखाजवळ तरंगमबाडी या खेड्यात डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. रघुनाथ नायकाने डॅनिश राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठविलेले पत्र डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन करून ठेवलेले आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने ते पाहावयास मिळेल अशी आशा धरू नये. परंतु बोर्सेनपुढे उभे राहताना ते या शहरात आहे, एवढी आठवण असावी.

पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, आणि डॅनिश लोकांचा जमीनमालक बदलला. जी रक्कम ते नायकाला दरसाल भरीत, ती आता भोसल्यांच्या खजिन्यात भरणे त्यांना प्राप्त झाले. आपल्याकडे मराठ्यांचा इतिहास लिहिताना इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी, क्वचित डच यांचा उल्लेख येतो. एक मराठी राजघराणे कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांकडून वर्षानुवर्षे पैसा वसूल करीत होते, ही गोष्ट मात्र तंजावराबाहेरच्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल? हा संबंध केवळ पैशाचाही नव्हता. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले धर्मोपदेशक १७०६ साली तरंगमबाडीस उतरले. त्यांच्यातील त्सीगेनबाल्ग याने तमिळ शिकून तेथे छापखाना उभारला, आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून निघाला. याच मिशनतर्फे १७५० साली आलेला श्वार्ट्झ पुढे सरफोजीराजांचा गुरू झाला. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविणाऱ्या, देवनागरी छापखाना काढणाऱ्या या मराठी राजाच्या जिज्ञासेला ज्याने वळण दिले, तो शिक्षक अशा रीतीने कोपनहेगनच्या आश्रयाने हिंदुस्थानात आला होता. १७९८ साली तो वारल्यावर सरफोजींनी विलायतेतील नामांकित शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे स्मारक करविले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

दुसरा दिवस गोल मनोऱ्यापासून सुरू करावा. हीदेखील चौथ्या क्रिस्तियानचीच करणी. १६४२ साली पुरी झाली. वर जायला जवळजवळ शेवटपर्यंत पायऱ्या नाहीत. विटांचा चढता रस्ता साडेसात वेढे घेत वर जातो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही तो झेपतो. रशियाचा पीटर दि ग्रेट १७१६ साली घोड्यावर बसून याच रस्त्याने वर गेला होता. शेजारच्या चर्चच्या माळ्यावर विद्यापीठाचे ग्रंथालय होते. १७२८ च्या ऑक्टोबरात शहराचा चौथा हिस्सा जळाला, त्यात ते ग्रंथालय आणि त्यातील बहुमोल हस्तलिखिते नष्ट झाली. १७९५ साली पुन्हा मोठी आग लागली. या शहराचा इतिहास आगींनी लिहिला आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पण या आगी निदान अपघाताच्या होत्या. तिसरी मुद्दाम लावलेली होती.

तिची कथा व्हॉर फ्रुए या प्रधान चर्चपाशी उभे राहून आठवावी. १८०७ साली डेन्मार्क तटस्थ होते. तथापि त्याचे आरमार नेपोलियनच्या हाती पडेल अशी धास्ती इंग्रजांनी घेतली, आणि ते आपल्या स्वाधीन करावे अशी मागणी केली. नकार मिळताच सैन्य उतरविले. २ ते ५ सप्टेंबर या काळात शहरावर तोफगोळ्यांचा आणि अग्निबाणांचा मारा झाला. चर्चचा उंच मनोरा जळून खाली आला, शेकडो नागरिक प्राणास मुकले, आणि शरणागतीनंतर सारे आरमार इंग्रज ओढून घेऊन गेले. आजचे चर्च त्यानंतर बांधलेले आहे. आतील ख्रिस्ताची आणि शिष्यांची पुतळेमाला तोरवाल्सन या शिल्पकाराची.

या मोहिमेतील दोन गोष्टी मराठी वाचकाने विसरता कामा नयेत. शहराबाहेर क्योगे येथे २९ ऑगस्ट रोजी डॅनिश फौजेचा पराभव करणारा सेनानी आर्थर वेलस्ली होता. चारच वर्षांपूर्वी आसईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना त्याने हरविले होते. दुसरी गोष्ट त्या अग्निबाणांची. म्हैसूरच्या युद्धांत हैदर आणि टिपू यांच्या बाणांचा तडाखा इंग्रजांनी खाल्ला, त्यांचे नमुने विलायतेस नेले, आणि काँग्रीव्हने त्यांवरून नवे बाण घडविले. तेच येथील घरांवर पडले. दख्खनच्या मैदानांत शिकलेली विद्या बाल्टिकच्या काठी एका तटस्थ शहरावर चालविण्यात आली.

या युद्धाची झळ लगेच हिंदुस्थानात पोहोचली. १८०८ च्या आरंभी इंग्रजांनी तरंगमबाडी आणि हुगळीकाठचे सेरामपूर ही डॅनिश ठाणी ताब्यात घेतली. सेरामपूर १७५५ पासून डॅनिशांकडे होते. त्याचे त्यांनी ठेवलेले नाव फ्रेडरिक्सनगर. १७९९ साली इंग्रज कंपनीने ख्रिस्ती मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा नाकारला, तेव्हा तेथील डॅनिश अधिकारी कर्नल बी याने त्यांना आसरा दिला, आणि १८०० साली विल्यम केरी तेथे येऊन राहिला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवीत असे. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साह्याने त्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपुरास छापले गेले. मराठी-इंग्रजी कोश १८१० चा, मोडी ठशांतला. ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ ची. म्हणजे आपल्या मुद्रित गद्याचा पाळणा काही काळ डॅनिश निशाणाखाली हलला. केरीचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात संशय नाही. पण इंग्रजांनी दार लावले असताना एका दुबळ्या सत्तेने ते उघडे ठेवले नसते, तर त्या छापखान्याला जागा कोठे मिळाली असती, असा प्रश्न पडतोच.

तथापि या दुबळ्या सत्तेविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमालियनबोर्गच्या चौकात जावे. मध्यभागी पाचव्या फ्रेडरिकचा अश्वारूढ पुतळा आहे. फ्रेंच शिल्पकार साली याची ही कृती १७७१ साली उघडली गेली, आणि तिचा सारा खर्च एशियाटिक कंपनीने सोसला. १७३२ साली स्थापन झालेल्या या कंपनीला मोठा नफा चीनच्या चहात होता. त्यातला पुष्कळसा चहा पुढे चोरट्या मार्गाने इंग्लंडात जाई. तेथून बंदराच्या बाजूस थोडेसे चालले की वेस्ट इंडियाच्या मालाची जुनी वखार लागते. डॅनिशांच्या कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकविलेली साखर येथे उतरत असे. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारे फर्मान १७९२ साली निघाले, ते अमलात आले १८०३ पासून, आणि गुलामांना मुक्ती मिळावयास १८४८ साल उजाडावे लागले. १८७८ च्या सेंट क्रॉय बेटावरील उठावाचे नेतृत्व करणाऱ्या मेरी टॉमस या कृष्णवर्णीय स्त्रीचा भव्य पुतळा २०१८ साली या वखारीपुढे दोन कलावतींनी उभारला. दोन वर्षांनी वादळात त्याची मोडतोड झाली. पुतळ्याला त्या शहरात जागा मिळावयास किती काळ जावा लागला, याचा हिशेब प्रवाशाने स्वतःच करावा.

दुपारी पूल ओलांडून क्रिस्तियानहाउन गाठावे. येथील चर्चचा मनोरा १७५२ सालचा असून त्याला बाहेरून नागमोडी जिना आहे. चारशे पायऱ्यांपैकी शेवटच्या दीडशे उघड्यावर आहेत. वारा असेल तर चढण्याचा हट्ट करू नये. जवळच पाण्याकाठी एशियाटिक कंपनीच्या जुन्या इमारती आणि १७५० साली पुरी झालेली वखार आहे. हिंदुस्थानचे कापड आणि चीनचा चहा येथे येई. १८१५ साली इंग्रजांनी ठाणी परत केली खरी, परंतु व्यापारात जीव उरला नव्हता; डॅनिश राज्याचे तर १८१३ सालीच दिवाळे वाजले होते. अखेरीस १८४५ साली तरंगमबाडी आणि सेरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीस विकण्यात आली.

वखार पाहून झाल्यावर क्रिस्तियानहाउनच्या स्थानकावरच भुयारी गाडी मिळते. ती मध्ये कोठेही न बदलता थेट विमानतळावर नेऊन सोडते.