धावण्याचा बूट आणि त्याचे आयुष्य : निवड, फेरपालट व जतन यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मानवी वापरातील अनेक वस्तूंचा इतिहास हा प्रामुख्याने त्यांच्या निर्मितीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वस्तू कोणी शोधली, कोठे तयार झाली आणि बाजारात कधी आली याची नोंद होते. परंतु ती किती काळ टिकली, कशी दुरुस्त झाली आणि कोणत्या कारणाने टाकून देण्यात आली याची नोंद क्वचितच ठेवली जाते. धावण्याचा बूट ही अशीच एक वस्तू होय. पाचशे ते आठशे किलोमीटर धावून झाल्यावर बूट बदलावा, हा नियम आज क्रीडाशिक्षक, विक्रेते आणि धावपटू या सर्वांच्या तोंडी असतो. मात्र हा नियम कोठून आला, त्यापूर्वी बुटाचे आयुष्य कसे ठरत असे आणि त्यावर कोणाचा अधिकार होता, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. मैदानावरील सराव, रस्त्यावरील शर्यत आणि रोजचे येणे-जाणे या सर्वांसाठी ज्या विद्यार्थ्याकडे बुटांचा एकच जोड असतो, त्याच्या दृष्टीने तो जोड कसा निवडावा, किती काळ वापरावा आणि कसा जपावा यात शरीराची सुरक्षितता व घरखर्च या दोन्ही बाबी गुंतलेल्या असतात. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंतच्या प्रवासाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे.

चामडे, कापड आणि रबर : डोळ्यांना दिसणारी झीज :

धावण्याच्या बुटाचा आधुनिक इतिहास रबरापासून सुरू होतो. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत असे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर स्थिर करण्याची प्रक्रिया शोधली आणि १८४४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. त्यामुळे कापडी बुटाला रबरी तळ जोडणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये असे बूट 'प्लिमसोल' या नावाने लोकप्रिय झाले. स्पर्धात्मक धावण्यासाठी मात्र चामड्याचे, तळाला खिळे असलेले बूट वापरले जात. बोल्टन येथील जोसेफ विल्यम फॉस्टर यांनी १८९० च्या दशकात असे बूट तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे जर्मनीतील हर्झोगेनाउराख या गावी डासलर बंधूंनी हाच व्यवसाय वाढविला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स यांनी त्यांचे बूट वापरले होते.

जपानमधील वाटचाल निराळी होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शिझो कानाकुरी हे अंगठा वेगळा असलेल्या 'ताबी' या पारंपरिक कापडी पादत्राणात मॅरेथॉन धावले. कठीण रस्त्यावर कापडी तळाचा टिकाव लागत नाही हा अनुभव आल्यावर त्यांनी टोकियोतील एका ताबी कारागिराच्या सहकार्याने तिला रबरी तळ बसविला. १९५१ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शिगेकी तानाका हे अशाच अंगठा वेगळा असलेल्या बुटांत धावून विजयी झाले.

या कालखंडातील बुटांचा एक समान गुण लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांची झीज बाहेरून दिसत असे. तळ पातळ झाला, टाच एका बाजूने घासली, शिवण उसवली की ती गोष्ट वापरणाऱ्यालाही कळे आणि मोच्यालाही. चामड्याच्या बुटाचा तळ बदलता येत असे, खिळा नव्याने बसविता येत असे. म्हणजे बुटाचे आयुष्य हे कारखान्यात ठरत नसून धावपटू आणि कारागीर यांच्यात ठरत होते.

निवडीचा प्रश्न : माप, बांधणी आणि सोय :

१० सप्टेंबर १९६० रोजी इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी पायांनी २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकली. उपलब्ध बूट पायाला नीट बसेनात, तेव्हा ज्या अनवाणी धावण्याचा त्यांना सराव होता तेच त्यांनी स्वीकारले. चार वर्षांनंतर टोकियोत त्यांनी बूट घालून २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद अशी सर्वोत्तम वेळ नोंदविली. या दोन शर्यतींची तुलना करून बूट चांगला की अनवाणी पाय चांगला, असा वाद घातला जातो. परंतु प्रशिक्षण, हवामान आणि मार्ग भिन्न असल्याने तसा निष्कर्ष काढता येत नाही. त्यातून एवढेच सिद्ध होते की, न बसणाऱ्या बुटापेक्षा सवयीचा अनवाणी पाय त्यांना अधिक विश्वासाचा वाटला.

याच सुमारास उत्पादकही सोयीच्या दिशेने विचार करू लागले होते. कोबे येथील किहाचिरो ओनित्सुका यांनी पायाला फोड येण्याचे कारण उष्णतेत शोधले आणि हवा खेळती राहील अशा रचनेचा बूट तयार केला. अमेरिकेत न्यू बॅलन्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी एकाच लांबीचा बूट वेगवेगळ्या रुंदीत उपलब्ध करून दिला. पायाची लांबी सारखी असली तरी रुंदी सारखी नसते, हे साधे सत्य त्यामागे होते.

१९७० नंतर मात्र निवडीचे स्वरूप पालटले. बिल बाउरमन यांनी १९६२ मध्ये न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने सामान्य नागरिक धावताना पाहिले आणि ती कल्पना अमेरिकेत नेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकल्यानंतर तेथे धावणे ही लोकचळवळच झाली. लक्षावधी नवे धावपटू बाजारात आले. त्यांना सल्ल्याची गरज होती. पायाची कमान पाहून बूट सुचविण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. सपाट पायासाठी पाऊल आत वळू न देणारा बूट आणि उंच कमानीसाठी अधिक मऊ बूट, असे हे सूत्र होते.

सूत्र तर्कशुद्ध वाटते, परंतु ते अनुभवाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरले नाही. अमेरिकी लष्करी प्रशिक्षणार्थींवरील २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, कमानीनुसार बूट दिल्याने दुखापतींचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले नाही. याउलट २०१६ च्या लक्झेंबर्गमधील एका अभ्यासात, पाऊल स्पष्टपणे आत वळणाऱ्या धावपटूंना आधार देणाऱ्या बुटांचा लाभ झाल्याचे दिसले. म्हणजे विशिष्ट पायांसाठी सूत्राला अर्थ आहे. सर्वांसाठी तो नियम नव्हे. बेन्नो निग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असा विचार मांडला की, घालून धावताना जो बूट सर्वाधिक सोयीचा वाटतो तोच निवडण्याचा मुख्य आधार असावा. बिकिला यांनी रोममध्ये लावलेली कसोटीही सोयीचीच होती.

मऊ थर आणि अदृश्य झीज :

बुटाच्या आयुष्याच्या इतिहासातील खरे वळण म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यात आलेला ईव्हीए या फेसाळ पदार्थाचा मधला थर. हा पदार्थ हलका व मऊ असतो. त्यातील असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत हवा कोंडलेली असते आणि पाऊल जमिनीवर आदळताना त्या दबतात. वारंवार दबल्याने पोकळ्यांच्या भिंती निकामी होतात व थर हळूहळू चपटा आणि कडक होतो. ही झीज बुटाच्या पोटात घडते. तळ शाबूत दिसत असताना मधला थर थकलेला असू शकतो. साहजिकच झीज ओळखण्याचे काम धावपटूच्या डोळ्यांकडून आणि मोच्याच्या हातांकडून निसटले व ते आकड्यांकडे गेले.

हा आकडा प्रामुख्याने कुक, केस्टर आणि ब्रुनेट यांच्या १९८५ च्या अभ्यासाशी जोडला जातो. यंत्रावर केलेल्या चाचणीत सुमारे ८० किलोमीटरनंतर बुटांची धक्का शोषण्याची क्षमता मूळच्या ७५ टक्क्यांवर आली. १६० ते २४० किलोमीटरनंतर ती ६७ टक्क्यांवर आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ६० टक्क्यांहून खाली उतरली. मात्र जे बूट प्रत्यक्ष धावपटूंनी वापरले, त्यांत ८०० किलोमीटरनंतरही सुमारे ७० टक्के क्षमता शिल्लक होती. किंमत किंवा कंपनी यांनुसार मोठा फरक आढळला नाही.

या आकड्यांचे बारकाईने वाचन केल्यास दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सर्वाधिक घट सुरुवातीच्या काळातच होते व नंतर ती मंदावते. आठशेव्या किलोमीटरला बूट अचानक निरुपयोगी होतो असा कोणताही कडा तेथे नाही. दुसरी, मानवी पायाखाली बूट यंत्रापेक्षा अधिक टिकतो. २००९ च्या आणखी एका अभ्यासात सुमारे ३२० किलोमीटर वापरलेल्या बुटांत धावपटूंनी आपली चाल किंचित बदलली, परंतु शरीरावरील बाह्य आघातांत लक्षणीय फरक पडला नाही. शरीर झिजलेल्या बुटाशी जुळवून घेते, असा त्याचा अर्थ. म्हणून पाचशे ते आठशे हा आकडा उपयुक्त संकेत आहे. त्याला निसर्गनियमाचा दर्जा देता येत नाही. धावपटूचे वजन, रस्ता आणि चाल यांनुसार तो पुढे-मागे सरकतो.

फेरपालट : पृष्ठभागाकडून शरीराकडे :

एकाहून अधिक जोड आलटून पालटून वापरण्याची प्रथा नवी नाही. राखेच्या धावपट्टीसाठी लांब खिळ्यांचे बूट आणि रस्त्यावरील सरावासाठी सपाट तळाचे बूट, असे दोन जोड जुने खेळाडू बाळगत. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कृत्रिम धावपट्टी आल्यावर खिळे आखूड झाले, पण विभागणी कायम राहिली. त्या फेरपालटीचे कारण जमीन हे होते.

नव्या काळात कारण बदलले. लक्झेंबर्गमधील लॉरेंट मालिसू व सहकाऱ्यांनी २६४ हौशी धावपटूंची २२ आठवडे नोंद ठेवली. एकाहून अधिक प्रकारचे बूट वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. शेतकरी पिकांची फेरपालट करतो ती एकाच थरातून एकच द्रव्य सतत उपसले जाऊ नये म्हणून. येथेही वेगवेगळ्या रचनेचे बूट स्नायू व सांध्यांवरील भार निरनिराळा वाटून देतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने अनेक जोड बाळगणारे धावपटू मुळातच अधिक सावध असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. तथापि बुटाला वाळण्यास पुरेसा अवधी मिळणे हा दुसरा लाभ निर्विवाद आहे. दोन जोड घेतल्याने एकूण खर्च दुप्पट होत नाही, कारण प्रत्येक जोड तेवढा अधिक दिवस चालतो. अडचण असते ती सुरुवातीच्या एकरकमी खर्चाची.

जतन : हवामान आणि सवयी :

बुटाची हानी केवळ धावण्याने होत नाही. काही बुटांतील पॉलियुरेथेन हा पदार्थ आर्द्रतेमुळे विघटित होतो. त्यामुळे कपाटात जपून ठेवलेला न वापरलेला जोडही काही वर्षांनी भुसभुशीत होऊन तुटतो. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. स्वस्तात मिळतात म्हणून अनेक जोड घेऊन ठेवणे यामुळेच फायद्याचे ठरतेच असे नाही. दुसरीकडे कडक ऊन, बंद मोटारीतील उष्णता आणि धुलाईयंत्रातील गरम पाणी यांमुळे फेसाळ थर आकसतो व चिकटवलेले जोड सुटतात. पावसात भिजलेला बूट आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळविणे. नाडी सोडूनच बूट काढणे, म्हणजे टाचेचा भाग दबत नाही. धावण्याचा बूट इतर कामांसाठी न वापरणे. आणि खरेदीचा दिनांक व धावलेले अंतर लिहून ठेवणे या साध्या सवयी खर्चाविना आयुष्य वाढवितात. बूट बदलण्याची वेळ ओळखण्यासाठी सपाट पृष्ठभागावर ठेवलेला जोड एका बाजूला कलतो काय, मधल्या थरावर खोल सुरकुत्या पडल्या आहेत काय आणि सरावात बदल नसताना पोटरी किंवा गुडघ्यात नवे दुखणे सुरू झाले आहे काय, हे पाहणे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एका शर्यतीचा बूट :

२०१७ मध्ये नव्या प्रकारचा फेस आणि कार्बन तंतूंची पट्टी असलेल्या बुटांचे युग सुरू झाले. त्यांनी धावण्यातील ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचत असल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. जानेवारी २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. परंतु बुटाने किती टिकावे याविषयी असा नियम झाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अदिदासने १३८ ग्रॅम वजनाचा, ५०० डॉलर किमतीचा बूट सादर केला. तो एक मॅरेथॉन आणि सरावापुरते थोडे अंतर एवढ्यासाठीच असल्याचे कंपनीनेच सांगितले. त्याच महिन्यात टिग्स्ट असेफा यांनी तो घालून बर्लिनमध्ये २ तास ११ मिनिटे ५३ सेकंद असा महिलांचा जागतिक विक्रम केला. अल्पायुष्य हा येथे दोष न राहता वैशिष्ट्य झाले.

याचा भार केवळ खरेदीदारावर पडत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार धावण्याच्या बुटांच्या एका सामान्य जोडामागे सुमारे १४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो आणि त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक भाग कारखान्यातील प्रक्रियांचा असतो. म्हणजे बुटाची बहुतांश हानी पहिले पाऊल पडण्यापूर्वीच झालेली असते. अशा वेळी बूट अधिक काळ वापरणे हाच सर्वांत थेट उपाय ठरतो. मुंबईत श्रियांस भंडारी व रमेश धामी या दोन धावपटूंनी सुरू केलेल्या 'ग्रीनसोल' या उपक्रमात टाकून दिलेल्या क्रीडाबुटांपासून शाळकरी मुलांसाठी चपला तयार केल्या जातात. ज्या राज्यात लता भगवान करे यांनी २०१३ मध्ये पतीच्या उपचारांच्या खर्चासाठी बारामतीची स्पर्धा नऊवारी नेसून अनवाणी धावत जिंकली, त्या राज्यात टाकून दिलेल्या बुटाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, धावण्याच्या बुटाचे आयुष्य हा वस्तूचा अंगभूत गुण नसून पदार्थ, बाजारपेठ आणि ज्ञानाची मालकी यांतून घडलेला ऐतिहासिक निर्णय आहे. झीज दिसत होती तोवर निर्णय वापरणाऱ्याकडे होता. ती अदृश्य झाल्यावर तो उत्पादक व विक्रेत्यांकडे गेला. गेल्या चार दशकांतील संशोधनाने मात्र सोयीनुसार निवड, शक्य असेल तेथे फेरपालट आणि साधी निगा या मार्गांनी तो निर्णय पुन्हा धावपटूच्या हाती येऊ शकतो हे दाखवून दिले आहे. महाविद्यालयीन क्रीडा विभागांनी खेळाडूंना बूट सुचविताना नाममुद्रेपेक्षा मापाचा व सोयीचा आग्रह धरला, प्रत्येकाला वापराची नोंदवही ठेवण्याची सवय लावली आणि पावसाळ्यात बूट वाळविण्यासाठी जिमखान्यात एक हवेशीर कोपरा राखून ठेवला, तर अल्प खर्चात बराच लाभ साधता येईल. ज्याच्याकडे एकच जोड आहे त्याला बूट केव्हा टाकावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कसा टिकवावा हे सांगणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.