खेड्यांतील हायस्कूल आणि त्याचा निकाल

दरसाल दहावीचा निकाल जाहीर झाला, कीं शाळेच्या फळ्यावर खडूनें एक आंकडा लिहिला जातो: शेंकडा इतके विद्यार्थी उत्तीर्ण. त्या एका आंकड्यावरून गांव शाळेची किंमत ठरवितें, पालक पुढील वर्षीं मुलास कोठें घालावयाचें याचा विचार करतात, आणि शिक्षकाची मान ताठ होते किंवा खालीं जाते. परीक्षेंतून किती मुलें पार पडलीं हें तो आंकडा सांगतो. शाळेच्या दारापर्यंत कोण येऊं शकलें, हें मात्र तो सांगत नाहीं. त्या दाराचा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

उदाहरणादाखल वैराग डोळ्यांपुढें आणावें. सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील, बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावरचें हें जुनें बाजाराचें गांव. १८९७ सालीं बार्शीस अरुंद रुळांची आगगाडी आली. वैराग त्या रुळांवर नव्हतें. बार्शी येथून अवघी वीसेक किलोमीटर. शहरांतील श्रोत्यांस हें अंतर किरकोळ वाटेल. परंतु रोज पायीं जाऊन सायंकाळीं घरीं परत येणें एखाद्या बारा वर्षांच्या मुलास शक्य नव्हतें. तालुक्याच्या गांवीं शिकावयाचें, म्हणजे तेथें राहावयाचें.

त्या काळीं शिक्षणाचे दोन रस्ते होते. मराठी सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होई. मराठी चौथीनंतर इंग्रजी शाळेंत गेलेला मुलगा मॅट्रिकपर्यंत पोहोंचे, आणि त्याला कचेरीचें व कॉलेजचें दार उघडे. ज्या गांवीं इंग्रजी शाळा नव्हती, तेथील मुलापुढें पहिला प्रश्न उभा राही तो गणिताचा नव्हे, जेवणाचा. ब्राह्मणाच्या गरीब मुलास माधुकरी मागून किंवा वार लावून जेवण्याची सोय होती. कुणब्याच्या मुलास ती नव्हती. आणि महार-मांगांच्या मुलास तर खोलीही भाड्यानें मिळणें दुरापास्त होतें. हायस्कुलाच्या हजेरीपटावर विशिष्ट जातींचींच नांवें कां दिसत, याचें उत्तर पुष्कळसें या ताटांत सांपडतें. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामांतून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या वाट्यास जातो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें केली होती.

म्हणूनच या प्रांतांत बहुजनांच्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास पुष्कळ अंशीं वसतिगृहांचा इतिहास आहे. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग काढविलें, व पुढें इतर जातींचींही बोर्डिंगें निघालीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविलें. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें जानेवारी १९२५ मध्यें अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें, तें खुद्द सोलापुरांत. आणि वैरागच्याच तालुक्यांत, बार्शीस, मामासाहेब जगदाळे यांनीं १९३४ सालीं श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापिलें. या मंडळींनीं आधीं भाकरीची सोय पाहिली आणि मग पुस्तकाची. हा क्रम त्यांना अनुभवानें शिकविला होता.

तरीही जो मुलगा वर्गांत शिरला, तो परीक्षेस बसलाच असें नव्हे. मॅट्रिकचा अर्ज धाडण्यापूर्वीं शाळा चांचणी घेई, आणि तींत मागें पडलेल्यास त्या साली घरीं बसावें लागे. निकालाची चाळणी ही अशी परीक्षेच्या आधींपासूनच हालत असे.

स्वातंत्र्यानंतर दार रुंद झालें. १९४८ च्या जूनांत एस. टी. धांवूं लागली. १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजीं एस. एस. सी. ची परीक्षा सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दींत वार्षिक १२०० रुपयांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांस फी माफ झाली. हायस्कुलें खेड्यांत आलीं, आणि ज्यांना बोर्डिंगांत धाडण्यास आईबाप कधींच धजले नसते, त्या मुलीही बांकांवर येऊन बसल्या. वर्गाचें रूप पालटलें.

पण आंकडा मात्र तसाच एकटा राहिला. २०२४ सालीं सबंध राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. सगळेच उत्तीर्ण होत असतां शाळाशाळांत तुलना करावयाची ती एकदोन टक्क्यांवर. लहान शाळेचें गणित येथें क्रूर होतें. वर्गांत २० मुलें असलीं, तर एका मुलाच्या नापासानें निकाल ५ टक्क्यांनीं उतरतो. २०० मुलांच्या शाळेंत तोच मुलगा अर्ध्या टक्क्याचा असतो. मग कच्च्या मुलास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसावयास सांगण्याचा मोह होतो. जुन्या चांचणीचेंच हें नवें रूप. फळ्यावर शंभर टक्के लिहिलें जातें. आणि तो मुलगा, जो कदाचित् दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला होता, कोणत्याच आंकड्यांत सांपडत नाहीं.

तेव्हां माझी सूचना साधी आहे. निकालाच्या फळ्यावर आणखी तीन आंकडे लिहावेत: आठवींत आलेल्यांपैकीं दहावीपर्यंत किती टिकलीं, त्यांत मुली किती, आणि ज्यांच्या घरीं याआधीं कोणीच दहावी झालें नव्हतें, अशीं मुलें किती. एखाद्या शाळेचा निकाल ८५ टक्के असेल आणि हे तीन आंकडे भरघोस असतील, तर त्या शाळेनें शंभर टक्क्यांच्या शाळेहून अधिक काम केलें असण्याचा संभव आहे. जगदाळे किंवा भाऊराव यांनीं मुलगा बोर्डिंगांत घेतला, तो निकाल चांगला लागावा म्हणून नव्हे. तो वर्गांत असावा म्हणून घेतला; निकाल त्यामागून आला.