दप्तराचे आयुष्य

पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. १८१८ मध्ये राज्य गेले, पण रुमाल राहिले. कारण इनामे-वतनांच्या चौकशीसाठी इंग्रजांनाही ते हवे होते. त्याच दप्तरातून पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. चौकशीसाठी राखलेला कागद असा इतिहासाच्या कामी आला.

हिंदुस्थान सरकारचे अभिलेख खाते ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक. मुंबई सरकारच्या दप्तरातील मराठेशाहीविषयक कागद त्यांनी आधीच प्रसिद्ध केले होते. राजधानी दिल्लीस आल्यावर १९२६ मध्ये हे खाते ल्युटेन्सने आखलेल्या, आजच्या जनपथावरील इमारतीत आले. स्वातंत्र्यानंतर तेच राष्ट्रीय अभिलेखागार झाले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे सुरेंद्रनाथ सेन हे त्या वेळी त्याचे प्रमुख होते, हा योग मराठी श्रोत्यांना सुखावणारा आहे.

परंतु खरा प्रश्न इमारतीचा नव्हे, निवडीचा होय. सगळेच कागद राखावेत तर जागा पुरत नाही, आणि फाडावेत तर पुरावा जातो. इंग्रजी अमदानीत महत्त्वाच्या प्रकरणांना ‘ए’, त्याहून कमी महत्त्वाच्यांना ‘बी’ आणि किरकोळ समजल्या गेलेल्यांना ‘डिपॉझिट’ असे शिक्के मिळत. गंमत अशी, की गृहखात्याच्या राजकीय शाखेतील ज्या नस्त्या ‘डिपॉझिट’ म्हणून बाजूला पडल्या, त्याच राष्ट्रीय चळवळीच्या अभ्यासकांना आज आवर्जून पाहाव्या लागतात. त्या दिवशी टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याला जे क्षुल्लक वाटले, ते पुढच्या पिढीला मोलाचे ठरले.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने ही निवड एकट्यादुकट्याच्या मर्जीवर ठेवलेली नाही. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, विहित रीतीवाचून कागद नष्ट करू नये, आणि १८९२ पूर्वीचा कागद तर निरुपयोगी होण्याइतका जीर्ण झाल्याचे महासंचालकांचे मत असल्याखेरीज नष्टच करू नये, असे त्यात आहे. मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही ‘अभिलेख’ या व्याख्येत घेतलेली आहे. १९९३ साली हे दूरदर्शीपणाचेच म्हणावे लागेल.

आता दिल्लीतील अनेक मंत्रालयांच्या नस्त्या कागदावर उतरतच नाहीत. २०१५ पासून ‘अभिलेख पटल’वर जनपथावरील जुने कागद सोलापुरात बसूनही पाहता येतात खरे; पण ती कागदाची चित्रे आहेत. संगणकातच जन्मलेल्या नस्तीची गोष्ट निराळी. रुमाल शंभर वर्षे कोपऱ्यात पडला, तरी सोडून वाचता येतो. ही नस्ती दहा-वीस वर्षे विसरली, तर ती उघडणारी यंत्रणाच उरलेली नसण्याचा संभव असतो. म्हणून जीर्ण होईपर्यंत थांबण्याची मुभा येथे नाही. काय राखायचे, किती वर्षे, आणि कोणत्या रूपात पुढे न्यायचे, हे नस्ती उघडतानाच लिहून ठेवावे लागते.