मर्फा: हैदराबादचा आफ्रिकी-अरबी ठेका

रेगे हे जमैकातील संगीत 1960 च्या दशकाअखेर आकाराला आले आणि त्याचा जोर मात्रेवर नसून दोन मात्रांमधल्या फटीत असतो. आफ्रिकेतून बळजबरीने आणलेल्या माणसांच्या तालस्मृतीचा तो एक वारसा होय. तशाच स्मृतीचा दुसरा, बराच कमी चर्चिलेला प्रवाह हैदराबादेत मर्फा या नावाने वाहत आला. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत प्रांतातील अरब सैनिक, ज्यांना येथे ‘चाऊस’ म्हणत आणि ज्यांचे वंशज मराठवाड्यातही त्याच आडनावाने नांदतात, तसेच आफ्रिकी वंशाचे सिद्दी स्वार होते. या दोघांच्या सहवासातून मर्फा घडला, म्हणून त्याला कोणा एकाची निर्मिती म्हणणे चूकच ठरेल. गळ्यात अडकवलेले उथळ नगारे, डफ, ढोलक आणि त्यांच्या जोडीला, नवख्याला नवल वाटेल असे, काठीने बडवलेले धातूचे भांडे. त्याच्या टणत्कारावर वरातीतले तरुण काठ्या वा तलवारी परजत नाचतात. 1948 मध्ये संस्थान विलीन झाल्यावर सिद्दींचे घोडदळ विसर्जित झाले आणि राजाश्रय सरला, तरी लग्नघरांनी हे वादन जगवले, आणि तेही धर्माची अट न घालता. सिद्दी घोडदळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मासाब टँकजवळच्या ‘ए. सी. गार्ड्स’ या वस्तीला, तर अरबांच्या ‘बॅरक्स’चा अपभ्रंश ‘बारकस’ या वस्तीला आजही चिकटून आहे.