पाटीएवढ्या चित्राची कुळकथा

इंग्लंडच्या उत्तर भागात ॲल्निक नावाचा किल्ला आहे. नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकांचे हे पिढीजात घर. तेथल्या एका बोळवजा जागेत एक चिमुकले चित्र टांगलेले असे. जेमतेम २८ सेंटिमीटर उंच आणि २२ रुंद, म्हणजे मुलांच्या पाटीएवढेच म्हणा ना! तरुण मेरीमाता बसली आहे, मांडीवर बाळ येशू आहे, आणि मायलेकरांच्या हातांत कार्नेशनची नाजूक फुले आहेत.

१८५३ साली चौथ्या ड्यूकने ते रोमच्या कामुचिनी संग्रहातून घेतले, तेव्हा राफाएलचे म्हणूनच घेतले होते. पण पुढे जाणकारांनी नाक मुरडले. अगदी अशीच चित्रे युरोपात आणखीही होती ना! त्या काळी भाविकांना घरात देवापुढे ठेवायला अशी चित्रे हवी असत आणि चित्रशाळांतले शिष्य गुरूच्या चित्रांवरच हात बसवीत. मग हेही एखाद्या शिष्याचेच, असे ठरले आणि चित्र मागे पडले.

१९९१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतले निकोलस पेनी तेथे गेले. त्यांची नजर अडली. पुढे अवरक्त किरणांखाली चित्र तपासले, तेव्हा रंगाच्या पोटातले मूळ रेखाटन दिसू लागले. रेखाटताना जे योजले होते, ते रंगवताना काही ठिकाणी बदललेले होते.

आम्हा मास्तरांना यातली खूण लगेच कळते. शेजाऱ्याची वही पाहून गणित उतरवणाऱ्या पोराच्या वहीत खाडाखोड कधी नसते! ज्याला उत्तर शोधायचे असते, तोच खोडतो.

पण एवढ्याने वाद मिटतो का? रेखाटन गुरूचे आणि रंग शिष्याचे, असेही त्या काळी सर्रास चाले. रोममध्ये राफाएलभोवती पुढे शिष्यांचा मोठा गोतावळा जमला आणि त्याच्या कितीतरी कामांवर जुलिओ रोमानोसारख्यांचे हात फिरले. हे चित्र मात्र १५०६-०७ च्या सुमाराचे मानतात. राफाएल तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, फ्लॉरेन्समध्ये स्वतःच शिकत होता. चित्राची मांडणीही त्याने लिओनार्दोच्या एका मेरीवरून उचललेली. हाताखाली शिष्यांची फौज नसलेल्या पोराने एवढेसे चित्र दुसऱ्याकडून का रंगवून घ्यावे? मला तरी हे पटत नाही.

२००४ साली नॅशनल गॅलरीने २ कोटी २० लाख पौंड मोजून ते विकत घेतले. तरीही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेम्स बेक अखेरपर्यंत म्हणत राहिले, की हे राफाएलचे नव्हेच. बेक २००७ साली वारले. चित्र लंडनलाच आहे, आणि त्याखाली नाव राफाएलचेच आहे.