स्वदेशी प्रणाली, परकी चिप

स्वदेशी संगणकप्रणालीची बातमी आली, की चर्चा होते ती तिच्या भाषांची आणि सुरक्षिततेची. ड्रायव्हरचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः प्रणाली आणि यंत्र यांच्यातील दुभाषा तोच. तो नसेल, तर उत्तम प्रणालीही मुकी ठरते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे एक मूळ याच प्रश्नात आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्याच्या आज्ञावलीचा मूळ स्रोत मात्र रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारला गेला. १९८३मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. उत्पादकांनी तपशील दिले नाहीत, तेथे अनेकांनी उपकरणांचे वर्तन तपासून ड्रायव्हर लिहिले.

सी-डॅकची ‘बॉस’ ही २००७मध्ये आलेली भारतीय प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. त्यामुळे हा वारसा तिला लाभला, तशी त्यातील अडचणही. अनेक वाय-फाय चिप उत्पादकाच्या बंदिस्त फर्मवेअरवाचून चालत नाहीत. मग जबलपूरजवळच्या पाटनमध्ये असो वा पुण्यात, प्रणाली बसवणारा विद्यार्थी पेचात सापडतो: इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट! ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यास संमती दिली. २०२३च्या डेबियन १२मध्ये ते समाविष्ट झाले. सोय झाली, पण चिप बंदिस्तच राहिली.

म्हणून स्वदेशी प्रणालीची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत: चिपचे तपशील खुले आहेत का? आणि तिचा ड्रायव्हर लिहू शकणारे अभियंते आपण घडवत आहोत का?