बिजासनच्या घाटापलीकडचा भाव

शिरपूरहून आग्रा रोडने पळासनेर ओलांडलं की बिजासनचा घाट, आणि घाट चढून गेलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा. जेमतेम तासाभराचा रस्ता. पण माझ्या लहानपणी आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला कापूस या रस्त्याने नेला तर तो गुन्हा होता.

१९७१ साली राज्याने कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, व्यापाऱ्याने नाही. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. आधी ज्या व्यापाऱ्याकडून पेरणीला उचल घेतली त्यालाच माल घालावा लागे, अशा शेतकऱ्याला भाव विचारायची सोय कुठली?

सरकारी खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागे. वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, मी दोन रात्री गाडीखाली झोपलोय. ग्रेडर यायचा, गाडीत खोल हात घालून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ओढून लांबी बघायचा. कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, दिसली की प्रत खाली. त्या चिमटीत आमचं वर्ष असायचं. आबा त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघत. पैसे मात्र हप्त्याहप्त्याने. चुकाऱ्यासाठी किती खेटे घातले त्याची गणती नाही. एका वर्षी बहिणीचं लग्न तोंडावर होतं, तेव्हा आमचाही कापूस रात्री घाटापलीकडे गेला. तिकडे रोख मिळाले.

पण सगळ्यात खोल घाव बसला तो कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनांवर. हे जिन जुने. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरला आमच्या खानदेशच्या कापसाची गरज भासली. त्याच दशकात रेल्वे आली आणि पुढे जळगाव-धुळ्याभोवती जिन-प्रेस उभे राहत गेले. या शहरांची पेठ, हमाली, सरकीचं तेल, सगळं त्यावर चाले. एकाधिकारात जिनवाल्याच्या वाट्याला फक्त जिनिंगची मजुरी उरली. कापूस त्याचा नाही, रुई त्याची नाही, सरकीही नाही. मग नवं यंत्र कशाला घ्यायचं? आवारात उघड्या जमिनीवर कापसाच्या गंजी लागत, त्यात गोणपाटाचे धागे आणि माती मिसळे. तिकडे सेंधव्यात खासगी जिन वाढत गेले, आणि त्यात आमच्याच शेतातला कापूस पडत होता.

या एकाधिकाराविरुद्ध शेतकरी संघटनेने कापूस कुठेही विकण्याचं स्वातंत्र्य मागितलं. नव्वदच्या दशकात हमीभाव बाजारापेक्षा वर ठेवल्याने योजना तोट्यात रुतली. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जिन सुधारायला पैसा मिळू लागला. २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. तोवर तीस वर्षं गेली होती. माझ्या मते सरकारने खरेदीला उतरणं बरोबर होतं. दुसरी सगळी दारं बंद करणं चूक होतं.

आबांची एक पावती माझ्याजवळ आहे. वजन, प्रत, हप्ता, शाई फिकटलेली. तुमच्या घरी ट्रंकेत अशा पावत्या असतील तर रद्दीत घालू नका. खानदेशच्या कापसाचा हा इतिहास लिहायला त्या लागतील.